विहीर कोरडी, मोटर चालू: ८०५१ च्या असेंब्लीतील एका प्रकल्पाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण जळगाव जिल्ह्यातील एका तंत्रनिकेतनात, इलेक्ट्रॉनिक्स शाखेच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पाच्या काळात घडले. प्रकल्पाचा मार्गदर्शक मी होतो, त्यामुळे पुढे ज्या चुका येतील त्यांतील काही माझ्या खात्यावर जमा आहेत. ओळख पटू नये म्हणून दोन्ही विद्यार्थ्यांना येथे ‘अ’ आणि ‘ब’ असे म्हटले आहे.

विषय ‘अ’च्या घरातून आला. त्याच्या मामांची चोपडा तालुक्यात केळी आहे. केळीला पाण्याचा खंड चालत नाही, आणि शेतीपंपाची थ्री-फेज वीज पाळीने, काही दिवस दिवसा तर काही दिवस रात्री मिळते. रात्री दोन वाजता उठून मळ्यात जाणे टाळावे म्हणून बहुतेक शेतकरी स्टार्टरला ‘ऑटो’ बसवतात. वीज आली की तो मोटर आपोआप सुरू करतो. विहिरीत पाणी आहे की नाही, हे त्याला कळत नाही. उन्हाळ्यात पाणी खाली गेले की मोटर कोरडी फिरत राहते, पंपाचे सील जाते, कधी वाइंडिंगही जळते. पहिल्या भेटीत मामांनी सगळी अडचण अहिराणीत एका वाक्यात सांगितली : “लाईट उनी का मोटर चालू व्हस, पन हिरमा पानीच नही ऱ्हास.”

पाण्याची पातळी पाहून मोटर बंद करणारा, विहिरीला पाझर येईपर्यंत थांबणारा आणि मग पुन्हा सुरू करणारा नियंत्रक करायचा, असे ठरले. अभ्यासक्रमात ८०५१ हा मायक्रोकंट्रोलर (एकाच चिपवरचा छोटा संगणक) होता आणि प्रयोगशाळेत एटी८९एस५२ या चिपचे बोर्ड होते. ८०५१ ची रचना इंटेलने १९८० साली बाजारात आणली. एटी८९एस५२ हा त्याच घराण्यातला, ८ किलोबाइट फ्लॅश आणि २५६ बाइट रॅम असलेला, बोर्डवरून न काढता प्रोग्राम करता येणारा नियंत्रक आहे. कार्यक्रम, म्हणजे प्रोग्राम, असेंब्लीत (नियंत्रकाची एकेक आज्ञा हाताने लिहायच्या भाषेत) लिहायचा, हे आम्ही फारशी चर्चा न करता ठरवले. हा पहिला निर्णय होता, आणि तो निर्णय आहे याची जाणीव त्या वेळी आम्हा तिघांपैकी कोणालाच नव्हती.

जुळणी

विहिरीत सोडायच्या स्टीलच्या सळया पातळी सांगणार होत्या. त्यांतून सतत एकाच दिशेने प्रवाह गेला तर सळई झिजते, म्हणून त्यांना सेकंदातून काही मिलिसेकंदच वीज द्यायची, ही सूचना ‘ब’ची होती आणि ती चांगली होती. सोळा अक्षरे आणि दोन ओळींचा एलसीडी, पोर्ट दोनच्या शेवटच्या पिनवर यूएलएन२००३ ही प्रवाह वाढवणारी चिप आणि त्यापुढे १२ व्होल्टचा रिले, म्हणजे विजेवर चालणारा स्विच, असे बाकीचे साहित्य होते. रिलेचा संपर्क स्टार्टरमधील काँटॅक्टरच्या (मोटरीला वीज जोडणाऱ्या मोठ्या स्विचच्या) कॉइलला वीज देणार होता. प्रत्यक्ष थ्री-फेज जोडणीला विद्यार्थ्यांनी हात लावायचा नाही, ते काम परवानाधारक वायरमननेच करायचे, हे मी सुरुवातीलाच बजावले होते. प्रयोगशाळेत मोटरीच्या जागी काँटॅक्टर आणि एक बल्ब होता.

पहिली अडचण : वीज येताच बसणारा झटका

जुळणी झाल्यावर रिले ओढलाच नाही. कारण पुस्तकात होते, पण तेवढे पान कोणी वाचले नव्हते. ८०५१ ची पिन स्वतःकडे प्रवाह ओढून घेण्यात जेवढी समर्थ आहे, तेवढी बाहेर प्रवाह देण्यात नाही. पिन ‘एक’ असताना आतला पुल-अप (पिन ५ व्होल्टकडे ओढून धरणारा रोध) जेमतेम काही दहा मायक्रोअँपिअर देतो, आणि यूएलएन२००३ ला साधारण एक मिलिअँपिअर लागतो. विद्यार्थ्यांनी पिनपासून ५ व्होल्टपर्यंत एक किलोओहमचा रोध जोडला आणि रिले ओढू लागला. दोघे खूश झाले आणि मीही वहीवर सही केली.

त्यानंतर बोर्डला वीज दिली की बल्ब क्षणभर लुकलुकत असे. तो सर्वांनी पाहिला. “सर, सुरू होताना तेवढं होतंच,” असे ‘ब’ म्हणाला आणि मी मान डोलावली. या प्रकरणातील सर्वांत महाग पडलेली मान डोलावणी हीच.

रिसेट होताना, म्हणजे नियंत्रक पहिल्यापासून सुरू होताना, ८०५१ चे चारही पोर्ट ‘एक’ या स्थितीत जातात, कारण ‘एक’ लिहिलेली पिनच इनपुट म्हणून वापरता येते. आमच्या जुळणीत ‘एक’ म्हणजे मोटर चालू. रिसेट पिनवर १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि ८.२ किलोओहमचा रोध होता. त्यांचा कालस्थिरांक ८२ मिलिसेकंद होतो. एवढा वेळ रिले आणि काँटॅक्टर दोघांनाही ओढायला पुरेसा आहे. त्यात भर म्हणजे पिन शून्य करणारी आज्ञा एलसीडीची तयारी करणाऱ्या आज्ञांनंतर लिहिलेली होती, म्हणून झटका आणखी लांबत होता. बाकावरच्या बल्बला त्याने काही झाले नाही. मळ्यात मात्र रात्रीतून चार वेळा वीज गेली आणि आली, तर कोरड्या विहिरीवरची मोटर चार वेळा धक्का खाणार होती. रिलेचा संपर्क स्टार्टरच्या हिरव्या बटणाला समांतर जोडला असता, तर स्टार्टरच्या स्वतःच्या धारण संपर्कामुळे ती त्या एका झटक्यात सुरू होऊन सुरूच राहिली असती.

लुकलुकणे पाहिल्यावर दीड महिन्याने हा हिशेब आम्ही मांडला, तोही दुसरी अडचण सोडवताना.

दुसरी अडचण : कधी चालते, कधी नाही

पाणी संपल्यावर दहा मिनिटे थांबण्यासाठी टायमर शून्यचा व्यत्यय, म्हणजे इंटरप्ट, वापरला होता. येथे एक किरकोळ चूक झाली. दर ५० मिलिसेकंदांच्या ठोक्यासाठी माझ्या टिपणांतला ३सीबी० हा हेक्स (सोळाच्या पायाचा) आकडा विद्यार्थ्यांनी उतरवून घेतला. तो १२ मेगाहर्ट्झच्या क्रिस्टलसाठी आहे. बोर्डवर ११.०५९२ चा क्रिस्टल होता, त्यासाठी ४सी०० हवा. परिणामी दहा मिनिटांची दहा मिनिटे एक्कावन्न सेकंद झाली. हे ‘अ’ने घड्याळ लावून पकडले.

खरी अडचण वेगळीच होती. पाणी संपल्याचा संकेत दिला की नियंत्रकाने एलसीडीवर संदेश लिहून मोटर बंद करायची होती. तीनपैकी साधारण दोन वेळा संदेश अर्धवट राहून अक्षरांचा कचरा दिसे, आणि बल्ब चालूच राहत असे. तिसऱ्या वेळी सगळे बिनचूक होई. सिम्युलेटरमध्ये तर दोष एकदाही दिसला नाही. नियंत्रकाला नेमके जे काम करायला ठेवले होते, तेच काम करताना तो वाट चुकत होता, ही बाब मला अस्वस्थ करणारी वाटली. सादरीकरणाला तीन आठवडे उरले होते.

समोर असलेले पर्याय

‘ब’चे म्हणणे होते की आर्डुइनो हा तयार नियंत्रक-बोर्ड घ्यावा, तयार लायब्ररी वापरावी आणि दोन दिवसांत मोकळे व्हावे. हा पर्याय मी त्या वेळी जरा तुच्छतेने बाजूला सारला, पण तो न्यायाने तपासायला हवा. आर्डुइनो उनोवरील एव्हीआर नियंत्रकाच्या पिना रिसेटला इनपुट स्थितीत, तरंगत्या असतात. त्यामुळे यूएलएन२००३ ला प्रवाह मिळाला नसता आणि पहिली अडचण बहुधा उद्भवलीच नसती. दुसरीही आली नसती. मामांच्या विहिरीच्या दृष्टीने पाहिले तर ‘ब’ बरोबर होता.

दुसरा पर्याय नियंत्रक तोच ठेवून कार्यक्रम सी भाषेत पुन्हा लिहिण्याचा होता. त्यात रॅममधील स्टॅकची (उपकार्यक्रमांचे परतीचे पत्ते ठेवायच्या रचीची) जागा कंपायलर स्वतः ठरवतो, म्हणून दुसरा दोष टळला असता. पहिला मात्र जसाच्या तसा राहिला असता, कारण तो तारांमध्ये होता.

तिसरा पर्याय ‘अ’ने कुठेतरी वाचला होता. एटी८९एस५२ मध्ये वॉचडॉग टायमर आहे. तो सुरू केल्यावर कार्यक्रमाने वेळेवर हजेरी लावली नाही, तर ११.०५९२ मेगाहर्ट्झवर सुमारे १८ मिलिसेकंदांत नियंत्रकाला रिसेट करतो. कार्यक्रम भरकटला तर आपोआप जागेवर येईल, दोष शोधायचीही गरज नाही, असा त्याचा विचार होता. मी त्याला एकच प्रश्न विचारला : रिसेट झाल्यावर आपला रिले कोणत्या स्थितीत असतो? तो फळ्याकडे गेला, पोर्टची रिसेट स्थिती लिहिली, आणि गप्प झाला. दीड महिना दुर्लक्षिलेला लुकलुकणारा बल्ब त्या क्षणी आम्हा तिघांनाही आठवला.

चौथा पर्याय म्हणजे असेंब्लीतच राहून दोष शोधणे. आम्ही तो निवडला. असेंब्ली शिकणे हा प्रकल्पाचा हेतू होता, हे माझे कारण होते. ‘अ’चे कारण अधिक प्रामाणिक होते, त्याला दोष नेमका कुठे आहे हे कळल्याशिवाय झोप येत नव्हती. ‘ब’ने नाराजीने होकार दिला. आठ दिवसांत दोष सापडला नाही तर आर्डुइनोकडे वळायचे, अशी मुदत त्यानेच घालून घेतली, आणि ती मला मान्य करावी लागली.

शोध

पहिले तीन दिवस वाया गेले. एलसीडी बदलला, ग्राउंडच्या तारा जाड केल्या, ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर कपॅसिटर वाढवले. काँटॅक्टर सुटताना होणाऱ्या ठिणगीचा उपद्रव असावा, असा माझा कयास होता. उपद्रव खरोखरच होता, आणि कॉइलला समांतर ०.१ मायक्रोफॅरड आणि १०० ओहमची जोडी लावल्यावर तो कमी झाला. पण दोष काँटॅक्टर काढून ठेवल्यावरही येत होता. हे आधी तपासले असते तर तीन दिवस वाचले असते.

चौथ्या दिवशी मी संगणक बंद करायला सांगितला आणि आलेखाच्या कागदावर अंतर्गत रॅमचे चौकोन आखायला लावले : ०० पासून ७एफ पर्यंत, प्रत्येक बाइटला एक चौकोन. पत्ते सगळे हेक्समध्ये. कार्यक्रम जी जागा वापरतो ती पेन्सिलीने भरायची. प्रत्येक ‘कॉल’ला दोन बाइट, प्रत्येक ‘पुश’ला एक.

रिसेटनंतर स्टॅक पॉइंटरमध्ये, म्हणजे स्टॅकचे टोक दाखवणाऱ्या रजिस्टरमध्ये, ०७ असते, म्हणजे स्टॅकचा पहिला बाइट ०८ वर पडतो. कार्यक्रमात स्टॅक पॉइंटरला दुसरी किंमत कोठेच दिली नव्हती. मुख्य कार्यक्रम संदेश लिहिणाऱ्या उपकार्यक्रमाला हाक मारतो, तेव्हा परतीचा पत्ता ०८ आणि ०९ मध्ये जातो. तो उपकार्यक्रम एक अक्षर लिहिणाऱ्याला हाक मारतो : ०ए आणि ०बी. ते अक्षर लिहिल्यावर दोन मिलिसेकंद थांबण्यासाठी विलंबाला हाक : ०सी आणि ०डी. येथवर ‘ब’ कंटाळलेला होता. मग मी विचारले की विलंब चालू असताना टायमरचा ठोका पडला तर काय होईल. परतीच्या पत्त्याचा खालचा बाइट ०ई मध्ये, वरचा ०एफ मध्ये.

‘अ’ने पेन्सिल खाली ठेवली. व्यत्ययाच्या उपकार्यक्रमात ठोके मोजण्यासाठी त्याने आर० ते आर७ या आठ रजिस्टरांचा दुसरा संच, म्हणजे रजिस्टर बँक एक, वापरला होता, आणि मोजणी आर७ मध्ये ठेवली होती. बँक एकचा आर७ म्हणजेच ०एफ हा पत्ता. दोन वेगळ्या नावांनी एकच चौकोन दोनदा भरला गेला होता.

पुढचे सगळे त्यातून उलगडत गेले. ठोका विलंबाच्या आत पडला की व्यत्ययाचा उपकार्यक्रम आपली मोजणी एकने कमी करतो आहे असे समजून परतीच्या पत्त्याचा वरचा बाइट एकने कमी करी. विलंबाचा उपकार्यक्रम ०२ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवर होता. ०२ चा ०१ झाला की नियंत्रक २५६ बाइट मागे परतत असे. तेथे संदेशांच्या अक्षरांचा तक्ता होता, आणि नियंत्रक त्या अक्षरांचे संकेतांक आज्ञा समजून चालवू लागे. सोळा अक्षरांना मिळून ३२ मिलिसेकंद लागत आणि ठोका ५० मिलिसेकंदांनी पडे, म्हणून दोष तीनपैकी साधारण दोन वेळाच दिसत होता. सेकंद दाखवणारे दोन अंक मात्र कधी बिघडले नाहीत, कारण ते नेहमी ठोक्यानंतर लगेच लिहिले जात आणि पुढचा ठोका पडायच्या आत काम संपे.

सिम्युलेटरमध्ये दोष का दिसला नाही, याचेही उत्तर ‘ब’ने स्वतःच दिले. विलंबात वेळ जातो म्हणून त्याने तेथे विलंबाचा आकडा कमी करून एक केला होता. विलंबच उरला नाही, मग त्याच्या आत ठोका पडणार कसा? खरा आकडा परत टाकून ०एफ या पत्त्यावर नजर ठेवली, तेव्हा काही मिनिटांत दोष पडद्यावर दिसला.

कार्यवाही

स्टॅकचा दोष एका आज्ञेने गेला. कार्यक्रमाच्या सुरुवातीलाच स्टॅक पॉइंटरमध्ये २एफ भरले, म्हणजे स्टॅक ३० पासून वर वाढू लागला आणि चारही रजिस्टर बँका व २० ते २एफ मधले बिट-झेंडे मोकळे राहिले. ही आज्ञा लिहायला दहा सेकंद लागले. ती कोठे लिहायची हे कळायला चार दिवस लागले होते.

त्याहून महत्त्वाचा बदल क्रमाचा होता. संदेश आधी आणि मोटर बंद नंतर, हा क्रम विद्यार्थ्यांनी सहज लिहिला होता, कारण पडद्यावर काहीतरी उमटताना पाहण्यात आनंद असतो. तो उलटा केला. एलसीडीची तार तुटली तरी मोटर बंद झाली पाहिजे, ही कसोटी लावून पूर्ण कार्यक्रम पुन्हा वाचला, तेव्हा अशीच आणखी एक जागा सापडली.

झटक्याचा प्रश्न राहिला. ‘ब’ने पिन शून्य करणारी आज्ञा पत्ता ०० वरच्या उडीनंतर सर्वांत आधी आणली. झटका आखूड झाला, पण गेला नाही. रिसेट चालू असताना कोणतीच आज्ञा चालत नसते, तेव्हा आज्ञांनी तो जाणारच नव्हता. म्हणून जुळणी उलटी करावी लागली. ५ व्होल्टपासून ६८० ओहमच्या रोधातून पीसी८१७ या ऑप्टोकपलरचा (प्रकाशातून संकेत पुढे देणाऱ्या चिपचा) एलईडी पिनकडे जोडला आणि ऑप्टोकपलरच्या दुसऱ्या बाजूने यूएलएन२००३ चालवला. एक किलोओहमचा रोध काढला. आता पिन शून्य झाली की सुमारे पाच मिलिअँपिअर ओढून घेते, जे तिला झेपते, आणि रिले चालू होतो. रिसेटमध्ये पिन ‘एक’ असते तेव्हा रिले बंद. पिनपर्यंतची तार तुटली तरी बंद. वॉचडॉग यानंतर, सर्वांत शेवटी, चालू केला.

निष्पत्ती

‘ब’ने घातलेल्या मुदतीच्या सातव्या दिवशी बोर्ड नीट चालला. सादरीकरणापूर्वी विद्यार्थ्यांनी वीजपुरवठा शंभर वेळा बंद-चालू करून बल्ब पाहिला आणि पाणी संपल्याचा संकेत दोनशे वेळा दिला. एकही चूक झाली नाही. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी स्टॅक पॉइंटरची रिसेट किंमत विचारली, तेव्हा दोघेही एकदम हसले, आणि परीक्षकांना त्याचे कारण सांगावे लागले.

मामांच्या विहिरीवर मात्र बोर्ड बसला नाही. उघड्यावरची पेटी, वीज पडण्यापासूनचे संरक्षण आणि फेज गेल्याची ओळख यांपैकी काहीच आमच्याकडे तयार नव्हते, आणि पाच अश्वशक्तीच्या मोटरीवर विद्यार्थ्यांचा बोर्ड सोपवण्याची माझी हिंमत झाली नाही. मामांनी वायरमनकडून बाजारात मिळणारा तयार ड्राय-रन प्रतिबंधक बसवून घेतला. विद्यार्थ्यांचा बोर्ड आता प्रयोगशाळेत आहे.

वेगळे काय करता आले असते

प्रकल्पाला दोन मालक होते, विहीर आणि अभ्यासक्रम, आणि कोणाचे ऐकायचे हे आम्ही पहिल्या दिवशी ठरवले नाही. विहिरीचे ऐकायचे असते तर असेंब्लीचा हट्ट चुकीचा होता. शिकण्याचेच ऐकायचे असते तर मामांना “नियंत्रक देतो” असे सांगायला नको होते; त्यांनी त्या भरवशावर एक उन्हाळा तयार उपकरण घेतले नाही, ही गोष्ट मला आजही खटकते.

लुकलुकणाऱ्या बल्बपाशी थांबायला हवे होते. तेथे पाच मिनिटे गेली असती, आणि रिसेट स्थितीची चर्चा तेव्हाच झाली असती तर पुढची जुळणी पहिल्यापासूनच सरळ झाली असती. सहीचा अधिकार माझा होता, तेव्हा ही चूक विद्यार्थ्यांची म्हणता येणार नाही.

तिसरी बाब प्रयोगवहीची. आमच्या वहीतील एकाही प्रयोगात स्टॅक पॉइंटरला किंमत दिलेली नव्हती. दोन आकड्यांची बेरीज, सर्वांत मोठी संख्या शोधणे, पोर्टवर एलईडी फिरवणे, हे सगळे कार्यक्रम इतके उथळ असतात की ०७ वरून सुरू होणारा स्टॅक त्यांना पुरतो, आणि विद्यार्थी ती किंमत जन्मजात बरोबर मानून चालतात. व्यत्यय आणि रजिस्टर बँक एकाच कार्यक्रमात आणणारा प्रयोग वहीत नव्हता. सिम्युलेटरमध्ये विलंब कमी करण्याची युक्तीही मीच वर्गात सांगितली होती. खऱ्या आकड्याने एकदा तरी चालवून पाहा, हे सांगायचे राहून गेले होते.

पुढच्या तुकडीपासून पहिला प्रयोग बदलला. कोणताही कार्यक्रम न भरलेल्या बोर्डचे रिसेट बटण दाबून धरायचे, आणि मल्टीमीटरने चारही पोर्टच्या बत्तीस पिनांचे व्होल्टेज मोजून वहीत लिहायचे. पोर्ट शून्यच्या पिनांना आतला पुल-अप नसतो, त्यामुळे बाहेर रोध न जोडलेल्या त्या आठ पिनांचे आकडे कोणाचेच एकमेकांशी जुळत नाहीत, आणि पहिल्याच तासाला वर्गात वाद सुरू होतो.